खनिजाचा लिलाव झाला, पाण्याचा हिशेब कोण देणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी पुन्हा सुरू होण्याविषयीच्या बातम्या, लिलावांतील बोलींचे आकडे आणि त्यांवरील राजकीय प्रतिक्रिया आपल्या दैनिकात गेली काही वर्षे नियमाने वाचावयास मिळत आहेत. या चर्चेत महसूल येतो, रोजगार येतो, ट्रक व बार्जमालकांची कर्जे येतात आणि न्यायालयांचे निकालही येतात. परंतु डिचोली तालुक्यातील एका खाणग्रस्त गावात भातशेती आणि थोडेफार कुळागर (पोफळीची मिश्र बागायत) सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला ज्या गोष्टीची सर्वाधिक काळजी वाटते, ते जमिनीखालचे पाणी मात्र या चर्चेत जवळजवळ येतच नाही. आलेच तर धूळ, आवाज आणि वाहतूक कोंडी यांच्या यादीत शेवटी एका ओळीत येते. त्याच एका विषयावर हे पत्र आहे. ते लांबले आहे, याची कल्पना आहे. पण विषय दोन परिच्छेदांत मावणारा नाही.

खाणींचा पूर्वेतिहास वाचकांना ठाऊक असल्याने तो थोडक्यात सांगतो. पोर्तुगीज राजवटीत दिलेल्या खाण सवलतींचे रूपांतर १९८७ च्या कायद्याने खाणपट्ट्यांत झाले. त्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली होती, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये दिला आणि त्यानंतरचे खोदकाम बेकायदा ठरवले. चीनच्या मागणीमुळे निर्यातीने उच्चांक गाठला तो याच बेकायदा ठरलेल्या वर्षांत, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. त्यात शेजारच्या कर्नाटकातून आलेला मालही होता. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला आणि त्याच महिन्यात खाणी थांबल्या. पुढे राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले, ते सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द ठरवले. डिसेंबर २०२२ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यापासून लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये आमच्या तालुक्यात पुन्हा यंत्रे लागली.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. गोव्यातील खनिज आणि गोव्यातील पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशा समजुतीवर आपले सगळे नियोजन उभे आहे. पण ते दोन्ही एकाच थरात आहेत. भूशास्त्रज्ञ ज्या खडकांना डिचोली स्तरसमूह म्हणून ओळखतात, त्या पट्टेदार लोहयुक्त खडकांतील सिलिका लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन गेली आणि मागे राहिले ते सच्छिद्र, भुकटीसारखे लोहखनिज. जे सच्छिद्र असते त्यात पाणी साठते. डोंगराच्या माथ्यावर जांभ्याचा थर असतो. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पडणाऱ्या पावसातला मोठा वाटा तो आत घेतो आणि आमच्या साध्या विहिरी, तळी व झरी त्याच्यावर चालतात. त्याच्या खाली चिकण मातीचा पाणी अडवणारा थर आणि त्याखाली भुकटी खनिजाचा थर लागतो. हाच दुसरा, खोलवरचा जलधर, म्हणजे पाणी साठवणारा थर. म्हणजे खाण खोदणारी कंपनी पाण्याच्या टाकीच्या शेजारी खोदत नसून टाकीच बाहेर काढून जहाजात भरत असते. ही टाकी पुन्हा बांधता येत नाही. जंगल तोडले तर निदान लावता येते. थर एकदा उचलला की गेला.

खोदकाम भूजल पातळीच्या खाली गेले की खंदकात पाणी भरू लागते आणि ते उपसल्याशिवाय एक टनही माल निघत नाही. गोव्यातील काही खंदक तर समुद्रसपाटीच्याही खाली गेलेले आहेत. तेथे पंप रात्रंदिवस चालवावे लागतात. उपसा जसजसा वाढतो तसतशी भोवतालच्या जमिनीतील पाण्याची पातळी खंदकाच्या दिशेने कलते. त्याचा पहिला फटका विहिरीला बसतो असे अनेकांना वाटते, पण माझा अनुभव वेगळा आहे. पहिली आटते ती झर. आमच्या वाड्यावर कुळागराच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटातून येणारी एक झर आहे. तिचे पाणी दगडी तळीत साठवून, पाटाने, वाटून दिलेल्या वारांप्रमाणे, पोफळींना सोडण्याची पद्धत माझ्या आजोबांच्या आधीपासूनची. जवळचा खंदक खोल जाऊ लागला तशी ही झर आधी मे महिन्यात बारीक झाली, मग एप्रिलमध्ये, आणि शेवटी शिमग्यालाच तळीचा तळ दिसू लागला. विहिरीला तेव्हा पाणी होते, म्हणून आमची तक्रार कोणी मनावर घेतली नाही. विहीर उतरली तेव्हा खाणीने टँकर सुरू केला. टँकरचे पाणी घरात चालते. पोफळीला टँकरने पाणी कोण घालणार? खाणी बंद झाल्यावर खंदक पावसाने भरले आणि तीन-चार पावसाळ्यांनंतर झर पुन्हा उन्हाळाभर वाहू लागली. मी शास्त्रज्ञ नाही. पण कारण आणि परिणाम यांचा इतका स्वच्छ प्रयोग सरकारने स्वतः करायचा ठरवला असता तरी त्याला जमला नसता.

उपसलेले पाणी जाते कुठे, हा प्रश्नाचा दुसरा भाग. ते निचऱ्याच्या कुंडांत थांबून निवळून मग व्हाळात (ओढ्यात) सोडावे, असा नियम आहे आणि कोरड्या दिवसांत तो बऱ्यापैकी पाळलाही जातो. पावसाळ्यात मात्र एका रात्रीत दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो तेव्हा ती कुंडे काही मिनिटांत भरून वाहतात आणि खंदकाचे पाणी, डंपवरची (टाकाऊ मातीच्या ढिगांवरची) माती व रस्त्यावर सांडलेला माल असे सगळे मिळून खालच्या शेतांत उतरते. ही माती साध्या गाळासारखी नसते. नदीचा गाळ शेताला खत होतो. खाणीचा गाळ अतिशय बारीक, लोह व मँगनीज असलेला आणि सेंद्रिय अंशाने रिकामा असतो. तो भाताच्या रोपाच्या बुंध्याशी चिकटून बसतो, आणि पावसाने चार दिवस उघडीप दिली की वाळून असा कडक होतो की त्यात फावडे मारले तर पापुद्रे निघतात. पुढच्या वर्षी त्यावर नवा थर. काही वर्षांनी बांध आणि शेत एका उंचीचे होतात, मोऱ्या बुजतात, पाणी तुंबते आणि वायंगण (पावसाळ्यानंतरचे भातपीक) तर सोडाच, पावसाळी पीकही हाती लागत नाही.

यावर आपल्याकडे जो उपाय रूढ झाला तो नुकसानभरपाईचा. पीक गेले, पंचनामा झाला, हेक्टरी अमुक रुपये हातात पडले. सुरुवातीला हे न्याय्य वाटते. पण भरपाई पिकाची मिळते, शेताची मिळत नाही. आणि दरवर्षी घरबसल्या पैसे मिळतात म्हटल्यावर गाळ उपसण्याचा आग्रह शेतकरीही धरीत नाही. ज्या कूळ-मुंडकारांची (दुसऱ्याच्या जमिनीत कसणाऱ्या-राहणाऱ्यांची) नावे कागदावर नसतात त्यांना तर भरपाईही नाही. एक पिढी अशा रीतीने शेतापासून सुटली. खाणबंदीनंतर 'आता शेती करा' असा सल्ला पणजीहून आला तेव्हा करायला शेत शिल्लक होते कुठे? माझ्या मते गोव्याच्या खाणग्रस्त भागात सर्वांत खोलवर झालेले नुकसान हेच असून, त्याला खाणमालकांइतकेच आम्ही गावकरी, आमच्या पंचायती आणि दरवर्षी भरपाईचे धनादेश वाटताना फोटो काढून घेणारे लोकप्रतिनिधीही जबाबदार आहेत.

एक टन विक्रीयोग्य खनिज मिळवण्यासाठी गोव्यात साधारण दोन ते तीन टन माती व निकृष्ट माल बाजूला टाकावा लागतो. निर्यातीच्या तेजीत वर्षाला चार कोटी टन गोव्याचा माल गेला असे धरले तर त्या एका वर्षात आठ ते बारा कोटी टन माती कुठेतरी ओतली गेली. खाणपट्टे लहान आणि डोंगरउताराचे, त्यामुळे पट्ट्याबाहेरच्या खासगी व कोमुनिदादच्या (गावकरी संस्थेच्या सामाईक) जमिनीतही डंप उभे राहिले. रीतसर खाणकामात ही माती संपलेल्या खंदकात परत भरावयाची असते. पण बाजार कधी वधारेल आणि आज टाकाऊ असलेला माल उद्या विकता येईल या आशेने ना खंदक 'संपला' असे जाहीर होते, ना डंप हलतो. आशा खोटी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. आता कमी प्रतीच्या खनिजालाही गिऱ्हाईक असल्याने डंप हाताळून विकण्याचे धोरण राज्याने आणले आहे. डंप हलले तर पायथ्याच्या शेतांचा धोका कमी होईल, यात शंका नाही. मात्र जी माती खंदकात जायला हवी होती तिच्यातला विकाऊ भाग बंदरात गेला आणि उरलेली टाकाऊ माती पुन्हा दुसरीकडे ओतली गेली, तर खंदक बुजवायचा कशाने, याचे उत्तर त्या धोरणाच्या चर्चेत मला तरी सापडले नाही.

आता कागदपत्रांविषयी. खाणींना मिळणाऱ्या पर्यावरण दाखल्यांत पाण्याविषयी अटी नसतात, असे मुळीच नाही. भूजल पातळीखाली खोदण्यापूर्वी वेगळी परवानगी घ्यावी, खाणीभोवतीच्या विहिरींचे जाळे ठरवून व पिझोमीटर (भूजल पातळी मोजणाऱ्या नळ्या) बसवून पातळी आणि गुणवत्ता वर्षातून चार वेळा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात, पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात मोजावी, तिचे अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयास व प्रदूषण नियंत्रण मंडळास सादर करावेत, अशा अटी या दाखल्यांत ठरलेल्याच असतात. गोव्याचा स्वतःचा भूजल नियमन कायदाही २००२ पासून आहे. तेव्हा उणीव नियमांची नाही. उणीव अशी की मोजणारा खाणवालाच, अहवाल लिहिणारा त्याने नेमलेला सल्लागार, अहवाल इंग्रजीत, आणि ज्या विहिरीची पातळी त्यात लिहिलेली असते त्या विहिरीच्या मालकालाच तो आकडा ठाऊक नसतो. आमच्या गावात मी विचारून पाहिले. आपल्या विहिरीची नोंद कोठे होते की नाही, हे एकालाही सांगता आले नाही.

याहून गंभीर बाब मूळ नोंदीची आहे. नव्या दाखल्यासाठी पर्यावरण आघात अहवाल करताना 'आजची स्थिती' म्हणून जे मोजले जाते ते खाणी अनेक वर्षे बंद असतानाचे असते. खंदक काठोकाठ भरलेले, भूजल सावरलेले, झरी वाहत्या. अशा वेळी घेतलेली नोंद ही खरे तर गावाच्या हक्काची मूळ पातळी होय. पुढे उपसा सुरू झाल्यावर ती कितीने घसरली हे त्याच नोंदीवरून ठरले पाहिजे. प्रत्यक्षात मात्र अहवालांत तिचा उपयोग 'परिसरात पाणी मुबलक असून खाणकामाचा लक्षणीय परिणाम संभवत नाही' असे सांगण्यासाठी होताना दिसतो. भरलेला खंदक दाखवून उपशाचे समर्थन करणे, हा तर्काचा विचित्र नमुना आहे. २०१२ पूर्वी पंप जोरात चालू असताना त्याच विहिरींची स्थिती काय होती, हे त्या वेळच्या सहामाही अहवालांत असलेच पाहिजे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून कोणी दाखवील काय?

पैशाच्या बाजूकडे आलो म्हणजे चित्र आणखी स्पष्ट होते. लोहखनिजावरील स्वामित्वधन (रॉयल्टी) सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के आहे. २०१५ मध्ये खाण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने खाणग्रस्त भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. त्यात जुन्या पट्टेधारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावाने पट्टा घेतलेल्यांनी १० टक्के रक्कम भरावयाची असते. आता १०० रुपयांच्या खनिजाचा हिशेब मांडू. स्वामित्वधन १५ रुपये. जुन्या व्यवस्थेत त्यातील ३० टक्के, म्हणजे साडेचार रुपये, खाणग्रस्तांच्या नावाने जमा होत. लिलावाच्या व्यवस्थेत ते दीड रुपया झाले. लिलावातील बोलीची मोठी रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते आणि ती सगळ्या गोव्याची आहे, हे मान्य; २०१४ च्या निकालाने सुचवलेला कायम निधीही पुढच्या पिढ्यांसाठी आहे. पण ज्या वाड्यावरची झर आटते त्या वाड्याचा थेट वाटा, सरकारचे उत्पन्न वाढत असताना, शंभरात दीड रुपयावर आला. लिलावाचे स्वागत करणाऱ्या अग्रलेखांत ही गोष्ट यायला हवी होती, असे नम्रपणे नमूद करतो. केंद्राच्या योजनेत या निधीतून पिण्याचे पाणी आणि पर्यावरण यांना अग्रक्रम द्यावा असे २०१५ पासून लिहिलेले आहे. आमच्याकडे मात्र प्रतिष्ठानाचे नाव ऐकू आले की लोकांना आठवतो तो पाण्याचा टँकर.

खाण संपल्यावर काय, हा प्रश्न गोव्यात एका चमत्कारिक वळणावर येऊन थांबला आहे. नियमानुसार खाण बंद करण्याचा अंतिम आराखडा नियोजित बंदच्या दोन वर्षे आधी द्यावा लागतो. पण २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या त्या नियोजनाने नव्हे, सरकारच्या व न्यायालयाच्या आदेशांनी. नंतर मे २०२२ मध्ये सरकारने ८८ पट्टेधारकांना जागा रिकामी करावयास सांगितले. जुना धारक म्हणतो पट्टा माझा राहिला नाही. नवा म्हणतो जुने खड्डे माझे नव्हेत. सरकार म्हणते लिलाव होईल तेव्हा बघू. ज्या पट्ट्यांना बोलीच येणार नाही, कारण त्यांतला चांगला माल केव्हाच निघून गेला आहे, त्या खंदकांना मालक कोण? जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत व चारा उगवेल अशी स्थिती आणणे पट्टेधारकावर बंधनकारक करण्यास केंद्राला सांगितले. साठ मीटर खोल पाण्यावर गवत कसे लावावयाचे, हे अर्थातच न्यायालयाने सांगावे अशी अपेक्षा नाही. ते आराखड्यात असावयास हवे.

या आराखड्यासाठी जी आर्थिक हमी घेतली जाते ती २०२१ च्या दुरुस्तीनंतर मोठ्या खाणींना वापरातील जमिनीच्या हेक्टरी ५ लाख रुपये आहे. एक साधा हिशेब करून पाहावा. एक हेक्टर, म्हणजे १० हजार चौरस मीटरचा, ६० मीटर खोल खंदक बुजवायचा तर ६ लाख घनमीटर भर लागेल. एका मोठ्या टिप्परची खेप दहा घनमीटरची धरली तर ६० हजार खेपा. ५ लाख रुपयांत खेपेमागे आठ रुपये आणि काही पैसे पडतात. एवढ्यात टिप्परचे इंजिन सुरू होऊन थंड होईल. सगळी जमीन खंदकाची नसते, भरही जवळच असू शकते, या सगळ्या सवलती देऊन आकडा दहापट केला तरी तो ऐंशी रुपयांवरच जातो. लिलावाने घेतलेल्या पट्ट्यांना कामगिरीची हमी म्हणून अंदाजित खनिजमूल्याचा अर्धा टक्का ठेवावा लागतो. पण तिच्यातून करारातील इतर चुकांचा दंडही वसूल व्हावयाचा असतो. अशी हमी जप्त झाल्याने कोणा धारकाची झोप उडेल असे मला वाटत नाही.

मालक नसलेल्या खंदकाचा धोका कल्पनेतला नाही. आमच्या सीमेला लागून असलेल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात, कळणे येथे, जुलै २०२१ मध्ये खाणीच्या खंदकाचा मातीचा बांध फुटला आणि साठलेले पाणी व लाल चिखल गावात, शेतांत आणि बागायतींत शिरला. ती तर चालू खाण होती, जबाबदार कोण हे निदान विचारता येत होते. आमच्याकडे दर जून महिन्यात भरलेल्या खंदकांच्या कडा सुटतील या भीतीने शासनाकडे अर्ज होतात, आणि उन्हाळ्यात टंचाई आली की त्याच खंदकांतील पाणी उपसून नद्यांत सोडण्याचा विचार होतो. सांगे तालुक्यात साळावली धरणाच्या पाणलोटातही खाणपट्टे आहेत आणि दक्षिण गोव्याचा मोठा भाग त्या धरणाचे पाणी पितो. म्हणजे हा खाणग्रस्त भागापुरता प्रश्न आहे, असे मडगावकरांनीही समजू नये.

'तुम्हाला खाणी नकोत का?' असा प्रश्न मला गावातच विचारला जातो. विचारणारा बहुधा माझ्या नात्यातला असतो, कारण आमच्या घराण्यातही ट्रक होते आणि बंदीच्या काळात त्यांचे हप्ते कसे फिटले ते मी जवळून पाहिले आहे. खाण सरसकट नको, अशी माझी भूमिका नाही. लोखंड सर्वांनाच लागते, आणि ते ओडिशातून आले तर तिथल्या आदिवासींच्या विहिरी आटतात, आपल्या नाही, एवढाच फरक. परंतु खाणीचे काम वीस-पंचवीस वर्षांचे असते आणि पोफळीचे, भाताचे, विहिरीचे त्याच्या कितीतरी पट. पहिल्यासाठी दुसरे कायमचे घालवायचे असेल, तर निदान तसे स्पष्ट सांगून, मोजून आणि किंमत लावून घालवावे.

म्हणून सरकारपुढे, आणि आपल्या दैनिकामार्फत सर्व लोकप्रतिनिधींपुढे, काही मागण्या ठेवतो. लिलाव झालेल्या प्रत्येक पट्ट्याभोवतीच्या विहिरी, तळी आणि विशेषतः झरी यांची यादी ग्रामपंचायतीने नावानिशी करावी व पंप सुरू होण्यापूर्वीची त्यांची पातळी अथवा प्रवाह, जलस्रोत खात्याच्या अभियंत्याने मालकासमक्ष मोजून, त्याला मराठी किंवा कोकणीत लेखी द्यावा. खंदकातील पंपांना मीटर असावेत आणि महिन्याला किती पाणी उपसले, हा आकडा पंचायतीच्या फलकावर लागावा. नोंदलेली झर ठरलेल्या मर्यादेखाली गेली तर टँकर न पाठवता उपसा थांबवावा. ही अट पर्यावरण दाखल्यातच असावी, आश्वासनात नव्हे. भरपाईसोबत शेतातील गाळ काढून देण्याची जबाबदारी धारकावर असावी आणि गाळ निघाल्याचा दाखला शेत कसणाऱ्याने द्यावा, जमिनीच्या उताऱ्यावरच्या मालकाने नव्हे. बोली न आलेल्या जुन्या पट्ट्यांतील खंदकांची जबाबदारी सरकारने आपल्या नावावर घेऊन, डंप विक्रीच्या उत्पन्नातला ठराविक वाटा त्यांच्या कडा सुरक्षित करण्यासाठी वेगळा ठेवावा.

यातील शेवटच्या दोन मागण्यांना वेळ लागेल. पहिलीसाठी मात्र सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. खाणग्रस्त भागातील वाचकांनी येत्या एप्रिल-मेमध्ये आपापल्या विहिरीची पातळी स्वतः मोजून ठेवावी. दोरीला वजन बांधून, विहिरीच्या कठड्यावरील एकच खूण कायम धरून, सकाळी पाणी काढण्यापूर्वी कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे. तारीख, वेळ आणि आदल्या दिवशी पाऊस पडला होता की नाही हे वहीत लिहावे व त्यावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. झरीचे पाणी असेल तर एक कळशी भरायला किती सेकंद लागतात ते लिहावे. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, तेच पुन्हा करावे. आमच्या वाड्यावर हे काम यंदा सुरू झाले असून, पुढील जनसुनावणीत आम्ही ती वही लेखी निवेदनासोबत सादर करणार आहोत.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक,
डिचोली तालुका, गोवा